दोर कापायचा धडा

११ मार्च

मोजपट्टी,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. नदी आहे तिथे आहे, तराफा आहे तिथे आहे आणि तुझा दादाही आहे तिथेच आहे. या काठाच्या गाड्या त्या काठाला, त्या काठाच्या या काठाला. आयुष्यात एवढी ये-जा करून कुठेच न पोचलेला माणूस दुसरा सापडायचा नाही.

काम आहे. खार पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होतेय आणि तिला घडीचा चाकू हवाय. तिची आई असती तर तिने आधी मलाच कापलं असतं, पण ती जाऊन आता दोन वर्षं होतील, आणि असले निर्णय माझ्या एकट्याच्या गळ्यात आलेत. शाळा सुटली की पोरगी तराफ्यावरच असते. दुसरीकडे ठेवू कुठे? आणि दोराशी काम करणाऱ्याच्या खिशात चाकू नसणं म्हणजे शिंप्याकडे सुई नसणं. दोर कुठे अडकला आणि काही ओढून न्यायला लागला, की गाठी सोडवत बसायला वेळ नसतो. कापायचा आणि मोकळं व्हायचं.

इथल्या दुकानदाराने एक चकचकीत डबडं दाखवलं. सात पाती, कात्री, करवत, दात कोरायची काडीसुद्धा. म्हणाला, "यात सगळं आहे." मी म्हटलं, "धार आहे का?" तर डबडं पुसायला लागला.

तू त्या कारखान्यात दिवसभर लोकांची हत्यारं मोडून बघतेस आणि त्याचा पगार घेतेस. तेव्हा तूच एक निवड आणि पाठव. नमनाला घडाभर तेल घालू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

दादा


१७ मार्च

ती. दादा,

पत्र मिळालं. चाकू निवडते. त्याआधी काही गोष्टी लागतील.

खार कोणत्या हाताने लिहिते? तिचा तो पंजा कागदावर ठेवून भोवती रेघ मारून पाठव. बोटं जुळलेली हवीत आणि पेन्सिल उभी धर. तिरकी धरलीस तर हात बारीक येतो आणि मूठ चुकीची निवडली जाते. तराफ्यावरचा दोर किती जाड आहे, कसला आहे, किती जुना आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिला "थांब" म्हटलं की ती थांबते का?

आता अटी. चाकू मी निवडणार आणि वापरायचे नियमही मीच लिहिणार. तू मध्ये बोट घालायचं नाहीस. तुझी बोटं मी पाहिली आहेत. ज्याच्या डाव्या अंगठ्यावर एवढे व्रण आहेत त्याने चाकू शिकवू नये.

धडे दोन होतील. पहिला, चाकू हाताळायचा. दुसरा, दोर कापायचा. पहिला तिच्या हातात पक्का बसल्याशिवाय दुसरा पाठवणार नाही, आणि तोपर्यंत तूही तिला दोर कापायला देणार नाहीस. हे तू कबूल केलंस तरच पार्सल निघेल.

मी अति करते आहे असं तू म्हणशील. आमच्याकडे पत्रा दाबायच्या यंत्राला एक जाळी असते. ती उघडी असताना यंत्र चालत नाही. एका कामगाराने "आजच्यापुरतं" म्हणून तारेने तिचा खटका बांधून ठेवला. तो आता फाटकावर बसतो आणि आत येणाऱ्यांची नावं डाव्या हाताने लिहितो. अपवाद कधी करायचा हे माणूस स्वतः ठरवायला लागला की नियम उरत नाही.

तुझी,
मोजपट्टी (हे नाव आता तरी सोड)


२५ मार्च

मोजपट्टी,

कबूल, कबूल, कबूल. तुझ्याशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? लहानपणी तू आईच्या पोळपाटालाही मध्यबिंदू काढला होतास.

पंज्याचा कागद सोबत आहे, पेन्सिल उभीच होती. मागच्या बाजूला गमतीने माझाही पंजा काढून घेतलाय खारीने. तुलनेसाठी. म्हणते, बाबाचा हात म्हणजे वल्हं आहे. दोर अंगठ्याएवढा जाड, काथ्याचा नाही, तो नवीन प्रकारचा पांढरा. दोन पावसाळे झालेत त्याला.

थांब म्हटलं की थांबते का विचारतेस? ऐक. मागे एकदा "इथून हलू नकोस" म्हणून तिला धक्क्यावर उभी केली आणि पलीकडे गेलो. वाटेत पाऊस आला. परत येऊन बघतो तर पोरगी त्याच फळीवर, चिंब, दात वाजतायत, आणि शेड तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हटलं, "अगं बये, आडोशाला जायचं ना." म्हणाली, "तू तसं म्हणाला नव्हतास." थेट तुझ्यावर गेली आहे. माझं रक्त कुठे मुरलं कोण जाणे.

तेव्हा नियम लिही तू. मी शब्दाला जागेन. दोर दाखवणारसुद्धा नाही.

दादा


१४ एप्रिल

प्रिय खार,

वाढदिवसाच्या दिवशी हे पोचावं असा हिशेब केला आहे. आधी पत्र वाच, मग डबी उघड.

चाकूला पातं एकच आहे. जास्त पाती म्हणजे जास्त बिजागऱ्या, आणि बिजागरी हीच घडीच्या चाकूची कमजोर जागा. तुझी चार बोटं जुळवल्यावर जेवढी रुंदी होते तेवढंच पातं लांब आहे, मी तुझ्या कागदावर ठेवून पाहिलं. टोक मुद्दाम बोथट आहे. टोकाची गरज फार थोड्या कामांना पडते आणि खोल जखमा बहुतेक टोकानेच होतात. मूठ नारिंगी आहे, म्हणजे फळ्यांवर किंवा चिखलात पडला तरी दिसेल. धार मी स्वतः लावली आहे आणि ती चांगली आहे. बोथट चाकू जास्त वाईट. त्याला जोर लावावा लागतो, आणि जोरातला हात निसटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मुठीच्या पाठीवर खटका आहे. पातं पूर्ण उघडलं की "कट्" असा आवाज येतो. मिटलं की पुन्हा "कट्". आवाज आला नाही तर चाकूवर विश्वास ठेवायचा नाही.

आता नियम. उघडण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात सरळ लांब कर आणि स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मार. हे तुझं वर्तुळ. या वर्तुळात कोणी असेल तर चाकू उघडायचा नाही. उघडा असताना कोणी आत आलं तर आधी मिटायचा, मग बोलायचं. उघडा चाकू घेऊन चालायचं नाही, एक पाऊलसुद्धा नाही. कापताना बसायचं आणि पातं अंगापासून दूर जाऊ द्यायचं. पडला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच.

याला अपवाद नाही. वर्तुळात बाबा असला तरी नाही. विशेषतः बाबा असला तर.

सुरुवात अंगाच्या साबणाच्या वडीवर कर. ती मऊ असते आणि चूक लगेच दाखवते. सगळं विचार न करता जमायला लागलं की मला लिही. मग दोर कापायचा धडा पाठवीन.

तुझी आत्या


२ मे

प्रिय आत्या,

मला जमायला लागलं. मी विचार करत नाही, हात आपोआप फेरी मारतो. परवा शाळेत पट्टी हातात होती तरी मी फेरी मारली आणि बाई म्हणाल्या नाचतेस काय.

साबणाचं बदक केलं. बाबा म्हणाला छान बटाटा आहे. मग मी त्याला चोच केली तर म्हणाला आता बटाट्याला कोंब आला. त्याच साबणाने त्याने तोंड धुतलं. दुसरं बदक लपवून ठेवलं आहे.

बाबाला वाटतं मी विसरेन. म्हणून तो काय करतो, मी कापत बसले की हळूच येतो आणि वर्तुळात एक पाय टाकतो. मी लगेच मिटते. कट्. तो पाय मागे घेतो, मी उघडते. कट्. परत पाय टाकतो. असं आम्ही खूप वेळ केलं. तो धक्क्यावरून धावत पण आला एकदा, ओरडत, मला घाबरवायला. तरी मी आधी मिटला. शेवटी तोच दमला आणि म्हणाला, "तुझ्या आत्याने माझ्या पोरीचं रेल्वेचं फाटक करून टाकलंय." म्हणजे मी जिंकले.

मी एकदाही कापून घेतलं नाही. बाबाने तेवढ्यात दोनदा.

आता दोराचा धडा पाठव.

खार


९ मे

प्रिय खार,

पत्र तीनदा वाचलं. तू केलंस ते अगदी बरोबर. बाबा नकळत तुझा उत्तम सराव घेतो आहे. त्याला हे सांगू नकोस, नाहीतर शेफारेल.

दोराचा धडा लगेच पाठवत नाही, कारण मी अंदाजाने लिहीत नाही. ढिला दोर आणि ताणलेला दोर वेगळे वागतात. ताणलेला तुटताना चाबकासारखा उसळतो. तुझा चाकू तुमच्या दोरावर कसा चालतो ते मी आधी यंत्रावर पाहीन, मग लिहीन. बाबाकडून जुन्या दोराचा हातभर तुकडा घेऊन पाठव. तोपर्यंत चाकू दोराला लावू नकोस. खिशात मात्र रोज ठेव, सवय मोडू नये.

तुझी आत्या


३० जून

मोजपट्टी,

अक्षर खारीचं आहे, शब्द माझे आहेत. मी बोलतो, ती लिहिते. सोळा तारखेला माझा उजवा हात मनगटापासून गेला. आता घरी आहे. ताप उतरलाय.

कसं झालं ते तू विचारणारच म्हणून सांगतो. वाळूची गाडी तराफ्यावर चढत होती. दोराचे वेढे धक्क्यावरच्या खुंटाला देऊन मी टोक धरून उभा होतो, रोजच्यासारखा. गाडीचं वजन पडलं तसा तराफा धक्क्यापासून सुटला, दोर घसरला आणि माझा हात घेऊन वेढ्याखाली गेला. दोर ताठ. मी खुंटाला चिकटलेला, माझा चाकू उजव्या खिशात, डावा हात तिथे पोचेना. गाडीवाल्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. खार माझ्या पाठीमागे होती. मी "चाकू, चाकू" म्हणून ओरडलो. मान वळत नव्हती, नुसतं ऐकू येत होतं. फळ्यांवर तिची पावलं वाजली, मागे जाणारी. मग कट् झालं, थोड्या वेळाने पुन्हा कट्. माझी हाडं असणार. मग गाडीवाल्याने आरशात काहीतरी पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

लिहिणारी इथे थांबली होती. मी म्हटलं, लिही, जे झालं ते झालं.

दवाखान्यात मी तिला विचारलं, चाकू घरी विसरलीस ना? हो म्हणाली. मी रागावलेलो नाही. मोठी माणसं विसरतात, मोठी माणसं घाबरून मागे सरतात, ती तर दहा वर्षांची आहे. पण तिला आता तराफ्यावर ठेवणार नाही. एका हाताचा माणूस आणि घाबरणारी पोर, दोन्ही मिळून एक नावाडी होत नाही. तुझ्या शहरात मुलींचं वसतिगृह असलेली शाळा बघ. पुढच्या सत्रापासून तिला तिथे टाकू.

ती म्हणते, मी जाणार नाही असं लिहू का. म्हटलं, लिही.

मी जाणार नाही.

दादा


६ जुलै

ती. दादा,

पत्र काल आलं. मला अशा वेळी काय लिहितात ते येत नाही, हे तुला माहीत आहे. शनिवार-रविवार जोडून येऊ का? हो किंवा नाही एवढं कळव.

जखमेची पट्टी रोज बदलली जाते का? उरलेल्या भागाला सूज आहे का, आणि नसलेल्या बोटांत दुखतं का? दुखत असेल तर तो भास समजून गप्प बसू नकोस, डॉक्टरांना सांग. त्यावर औषध असतं.

वसतिगृहाची चौकशी करते. पण माझं पुढचं पत्र येईपर्यंत कुठे नाव घालू नकोस.

मार्चमध्ये गमतीने पाठवलेला तुझ्या पंज्याचा कागद माझ्याकडे आहे. परत पाठवू की ठेवू, सांग.

तुझी बहीण

(वेगळ्या पानावर)

खार, हे पान तुझ्यासाठी आहे. बाबाला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

चाकू घरी नव्हता असं मला वाटतं. बाबाने ऐकलेला आवाज मला माहीत आहे. तो मी विकत घेण्याआधी शंभरदा ऐकला होता. आणि तू मागे गेलीस ती पळायला नाही, असंही मला वाटतं. तू किती मागे गेलीस?

मी रागावणार नाही. मला फक्त काय झालं ते हवं आहे.

आत्या


१५ जुलै

प्रिय आत्या,

हात लांब केला की बाबा लागणार नाही इतकी मागे गेले.

चाकू खिशात होता. बाबा ओरडला तेव्हा मी काढला. पण बाबा वर्तुळात होता. म्हणून मागे गेले आणि उघडला. मग दोर लांब राहिला. त्याच्याकडे जायचं तर पावलं टाकायला लागली असती आणि उघडा चाकू घेऊन एक पाऊलसुद्धा नाही. म्हणून मिटला. मिटून पुढे गेले तर बाबा परत वर्तुळात. तो तर ओरडत धावत आला होता तेव्हा पण मी मिटला होता आणि तू म्हणालीस बरोबर. मी विचार करत होते की अशा वेळी काय असतं. मला वाटलं ते दोराच्या धड्यात असेल. तो आला नव्हता. मग गाडी मागे गेली.

बाबाने स्वतःच विचारलं, विसरलीस ना. मी हो म्हटलं. विसरलं तर लोक माफ करतात. बाबाला सांगू नकोस. तो तुझ्यावर इतका चिडेल की मला तुला लिहूच देणार नाही.

मला वसतिगृहात जायचं नाही. बाबाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत. नाडी पण बांधता येत नाही, मला हाक मारायला लाजतो, मग तसाच बसून राहतो. मी गेले की कोण करणार? तो म्हणतो करेन मी काहीतरी. काय करेल?

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तेव्हा बाबा वर्तुळात असताना उघडायचा होता का? आणि त्या चाकूने तो दोर तुटला असता का?

तुटला नसता असं असेल तर लवकर लिही.

खार


२४ जुलै

ती. दादा,

हे पत्र तू एकट्याने वाच. खारीच्या हातात देऊ नकोस, निदान आधी नाही.

चाकू घरी विसरला नव्हता. तो तिच्या खिशात होता आणि तुझ्या पहिल्या हाकेला तिने तो काढला. तू ऐकलेला आवाज हाडांचा नव्हता, खटक्याचा होता. एकदा उघडताना, एकदा मिटताना. ती मागे गेली कारण माणूस हाताच्या अंतरात असताना चाकू उघडायचा नाही असं मी तिला लिहिलं होतं. मिटला, कारण उघडा चाकू घेऊन चालायचं नाही असं मी लिहिलं होतं. अपवाद नाही, बाबा असला तरी नाही, हेही मीच लिहिलं होतं. ती घाबरली नाही. ती तिथे उभी राहून मी न पाठवलेला धडा आठवत होती.

हे तिने मला विश्वासाने सांगितलं आणि तुला सांगू नकोस म्हणाली. मी तिचा शब्द मोडते आहे. ती विसरली आणि पळाली असं समजून तू तिला घरातून काढणार असशील तर तो शब्द पाळता येत नाही.

तिने विचारलं आहे, त्या चाकूने दोर तुटला असता का. तुम्ही पाठवलेला तुकडा जूनच्या पहिल्या आठवड्यात आला होता. कारखान्याची कामं आधी, घरची नंतर, म्हणून तो माझ्या टेबलावर पडून राहिला. परवा तो यंत्रात लावला, भरलेला तराफा ओढेल तेवढा ताण दिला आणि तिच्या चाकूसारखाच दुसरा चाकू चालवला. तुटू नये अशी माझी इच्छा होती. चाचणीच्या आधी मनात इच्छा असणं हे माझ्या कामात बसत नाही, पण होती. एका ओढीत तुटला. ओला करून पाहिला. तरी एका ओढीत.

तिला "नसता तुटला" असं लिहून टाकावं म्हणून मी बसले. पत्र लिहून झालंही. मग फाडलं. ती कधीतरी तोच चाकू घेऊन तशाच दोरापाशी बसेल आणि माझं उत्तर तपासून पाहील. मग तिला ना दोराचा भरवसा राहील ना माझा.

चूक कुठे झाली ते मला माहीत आहे. नियम कसा पाळायचा ते मी लिहिलं. तो कधी मोडायचा ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की नियम ढिला होतो असं मी मानत होते. मोठ्या कामगारांसाठी ते कदाचित खरं असेल. ते नियम पाळायचा कंटाळा करतात. पावसात उभ्या राहणाऱ्या मुलीला मी तोच नियम दिला. ती गोष्ट तू मला लिहिली होतीस, आणि मी ती वाचून खूश झाले होते.

वसतिगृहात तिला पाठवू नकोस. पाठवलंस तर आपण बाबाला सोडून पळालो हेच तिला खरं वाटेल, आणि जन्मभर वाटेल.

तिच्या दोन प्रश्नांची उत्तरं तू द्यायची की मी, ते तू ठरव. मी दिली तर खरी देईन.

तुझी बहीण


१९ ऑगस्ट

डावा हात आहे. वाकडं आहे. वाच.

पत्र वाचलं. बरेच दिवस तुझं नाव घेतलं नाही. खारीने विचारलं आत्याचं काही आलं का. नाही म्हटलं. खोटं बोललो.

मग एका दुपारी सांगितलं तिला. चाकू खिशात होता हे मला कळलंय म्हणून. ती म्हणाली, "घरी विसरले होते असंच राहू दे ना, बाबा." मी नाही म्हटलं. म्हणाली, "तुटला असता?" मला वाटलं खोटं सांगावं. तुझ्यासारखंच. तुटला असता म्हटलं. तिने मान हलवली. उठली. माझी बटणं लावायची राहिली होती ती लावली. खालून वर, रोजच्यासारखी. एकही चुकलं नाही. मग बाहेर जाऊन उलटी केली.

रात्री झोपेतच दचकून उठून बसते. मूठ वळलेली असते. मी काही बोलत नाही. बोललो तर जागी होते.

वसतिगृहाला नको म्हणून कळव. ती इथेच राहील. तराफा मी सोडलेला नाही. पलीकडच्या गावचा एक जण दोर धरायला येतो. मी सुकाणूला. ती माझ्याजवळ.

दोर कापायला मी शिकवला तिला. पहिल्या दिवशी चाकू हातात घेऊन नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही. मी तिच्याजवळ अगदी चिकटून उभा राहिलो, हलतच नाही म्हटलं, काप. रडत कापला. आता कापते. रडत नाही. हसतही नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती. लिहितो. एवढी वर्षं तराफ्यावर काढली मी. माझ्या पोरीला दोर कापायला शिकवायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. तरी तुझ्या पत्राची वाट बघत बसलो. तू शिकलेली म्हणून. त्यामुळे सगळं तुझ्यावर ढकलताही येत नाही. येतं तर बरं झालं असतं.

तू येऊ नकोस इतक्यात. तिला पत्र पाठवू नकोस. किती दिवस, मला माहीत नाही. ती तुझी आठवण काढते. मी ऐकून घेतो.

पंज्याचा कागद राहू दे तुझ्याकडेच. इथे नको.

मला लिहीत जा. ऊन-पाऊस लिही, जेवलीस का ते लिही, कारखान्यातलं काहीबाही लिही. उत्तराला वेळ लागेल. एक ओळ लिहायला अर्धी दुपार जाते.

फक्त शिकवू नकोस.

दादा